अठरावं पत्र

सहदेव घाडीची वेबसाइट उघडली की आधी तुतारी वाजायची. वाजायची म्हणजे शेजारच्या बिल्डिंगखालचा कुत्रा उठून भुंकायला लागायचा इतकी वाजायची, आणि ती बंद कुठून करायची हे खुद्द सहदेवलाही ठाऊक नव्हतं. मग काळाकुट्ट पडदा, त्यावर सोनेरी बारीक अक्षरं, या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारा रणगाडा आणि खाली लुकलुकणारी ओळ : 'दुसऱ्या महायुद्धातले आमच्या तालुक्याचे वीर. एकही शब्द गाळलेला नाही.'

माणूस सत्त्याहत्तर वर्षांचा. बोरिवलीत चाळीस वर्षं छपाईचा मजकूर जुळवून द्यायचं दुकान चालवलेलं. आधी शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, मग कॉम्प्युटरवर डीटीपी. लग्नपत्रिका म्हणू नका, निवडणुकीची पत्रकं म्हणू नका. दुकान बंद केल्यावर अकरा वर्षं एसटीने कोकणात गावोगाव हिंडून त्याने तीनशे बारा सैनिक शोधून काढले. कोण कुठल्या पलटणीत, कुठे लढला, परत आला की नाही. काम मोठं होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण पुरणपोळ्या करून कुलूपबंद डब्यात ठेवल्या तर खाणार कोण? साइटवर आजवर एक्केचाळीस जण आले होते आणि त्यातले तीस म्हणजे हा स्वतःच.

त्या रविवारी सकाळी दहिसरच्या त्याच्या घराची बेल वाजली. दारात थोरली बहीण वनमाला, वय चौऱ्याऐंशी, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. तिचा हात धरून नात श्रुतिका. दोघी कांजूरमार्गहून आल्या होत्या, न कळवता.

भावाबहिणीत दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. गावकऱ्यांच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात सहदेव माइकवरून साइटचे गोडवे गात होता, तेव्हा ही पहिल्या रांगेतून सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मुकी आसा ती. माझ्या फोनाक तिचा एक अक्षर वाचूक येणा नाय." अख्खा हॉल हसला होता.

"लिफ्ट नाही आमच्याकडे," सहदेव दारातूनच म्हणाला.

"तीन मजले चढानच इलंय. बाजूक हो." त्याला कोपराने ढकलून वनमाला आत शिरली.

श्रुतिकाचं कामच हे होतं. बँकांची, दवाखान्यांची ॲप आंधळ्या माणसाला वापरता येतात का, ते तपासायचं. तिने आजीचा बोलणारा फोन टेबलावर ठेवला आणि साइट उघडली. तुतारी झाली, खालचा कुत्रा झाला. मग फोन बोलायला लागला. "इमेज. लेबल नाही. इमेज. लेबल नाही. इमेज. लेबल नाही."

"ऐकलंत आजोबा? तीनशे बारा माणसं आणि फोनला एकाचंही नाव माहीत नाही. तुम्ही सगळ्या मजकुराचं चित्र करून टाकलंय."

"मग काय करणार होतो?" सहदेव उसळला. "माझा सगळा मजकूर जुन्या डीटीपीच्या फॉन्टात आहे. तो नुसता तिथे चिकटवला की मराठीच्या जागी किडेमुंग्या दिसतात. म्हणून एकेका पानाचा फोटो लावला. बघ, एक वेलांटी हललेली दाखव, मिशी काढून देतो!"

"वेलांटी झकास आहे. वाचायचं कोणी? काळ्यावर पिवळं, मुंगीएवढं अक्षर, त्यात तो रणगाडा. डोळे धड आहेत त्यालाही चक्कर येईल ना! आणि तो भोंगा..."

"तुतारी आहे ती!"

"असेल. पांढरं पान करू, मोठी काळी अक्षरं. वर गावांची नावं. गाव दाबलं की माणसं, माणूस दाबला की त्याची माहिती. बस. तुमचा जुना फॉन्ट बदलणारा कन्व्हर्टर मिळतो. तासाभराचं काम, मी करून देते."

"नको."

"अहो, का पण?"

"माझी साइट, माझी मर्जी. कोणी आमंत्रण दिलं होतं तुम्हाला?"

"मेल्या, गप रव जरा." वनमालाने काठी फरशीवर आपटली. "तुझे तीनशे बारा तुका लखलाभ. माका बाबांची लढाईतली पत्रां व्हयी. तेवीस लावलंस ना थंय? ती मी माझ्या कानान ऐकतलंय."

"मी देतो की वाचून."

"कोणाच्या तोंडून नको. एकटीन ऐकूची हत. दोन वर्षां सांगतंय मी."

सहदेवने मग नेहमीचं हत्यार काढलं. "बाबांचा एवढा पुळका आहे, तर त्यांचा मिलिटरीचा चहाचा मग कोणी टाकला विहिरीत? आज साइटवर पहिला फोटो त्याचा असता!"

हे रडगाणं सत्तर वर्षांचं होतं. बाबांनी युद्धावरून पांढरा इनॅमलचा मग आणला होता आणि वनमाला त्यातूनच चहा प्यायची. बाबा गेल्यानंतर वर्षभराने, बारा वर्षांची असताना तिने तो एके दुपारी विहिरीत भिरकावला. आईने तिला फुंकणीने झोडपली, पण कारण काही तिने सांगितलं नाही. पाच वर्षांचा सहदेव खांबाला धरून बघत होता.

"त्या मगाचा नाव काढू नको," वनमाला म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली गेला होता.

श्रुतिकाने या भांडणाकडे लक्षच दिलं नाही. सहदेवच्या कॉम्प्युटरवर तिने बोलणारं सॉफ्टवेअर टाकलं, कीबोर्ड यंत्राला वाचता येणाऱ्या नव्या मराठीवर करून दिला आणि एक शब्द टाइप केला. स्पेस दाबल्याबरोबर कॉम्प्युटर सपाट आवाजात म्हणाला, "सहदेव." आपलं नाव असं पेटीतून ऐकून तो दोन पावलं मागे सरकला.

आता खरं सांगायचं तर फॉन्टबिंट सगळं झूट. घोडं अडलं होतं सतराव्या पत्रात.

वनमाला जुळ्यांतली. बाबा इटलीत लढत होते त्या साली, चव्वेचाळीसला, तिच्या जोडीचा मुलगा तापाने गेला. ते कळल्यावर बाबांनी आईला लिहिलं होतं, 'दोघांतलं एक न्यायचंच होतं तर देवाने पोरगा ठेवून पोरगी न्यायची होती.' अठराव्या पत्राची सुरुवातच त्या वाक्याच्या उल्लेखाने होत होती, म्हणजे अठरा ऐकवलं की सतरा आलंच. सहदेवने ही पत्रं स्वतःच्या हाताने जुळवली होती. युद्धानंतर दोन वर्षांनी आपण जन्मलो ते कोणाच्या रिकाम्या जागेवर, हे त्याला पहिल्या वाचनातच त्या ओळीवरून कळलं होतं, आणि त्या दिवशी तो जेवला नव्हता.

मग साइटवर लावलीच का, असं कोणीही विचारेल. तर लावली मिजाशीपायी. मंडळातल्या एकाने आपल्या आजोबांच्या डायरीतून ते लढाईतून पळून आल्याचं पान गाळलं होतं, तेव्हा सहदेवने भर सभेत त्याची सालटी काढली होती. आता स्वतः कुठल्या तोंडाने गाळणार? बहीण कॉम्प्युटरच्या वाटेला जात नव्हती आणि नात पडली इंग्रजी मीडियमची. सगळं बिनबोभाट होतं. पण बहिणीचे डोळे गेले, तिचा फोन बोलायला लागला आणि याची वाट लागली.

"श्रुती," वनमाला म्हणाली, "खाली जा आणि माका दूध घेऊन ये."

"आजी, दूध असेल की घरात..."

"जा म्हणतंय ना!"

पोरगी गेली. दार लागल्याचा आवाज होईपर्यंत वनमाला थांबली.

"सतरावं मी वाचलंय," ती म्हणाली.

सहदेव खुर्चीत बसला.

"बारा वर्षांची होते. आईची ट्रंक उघडी राहिली होती. बाबा प्रत्येक पत्रावर आकडा घालायचे. देवाने पोरगी न्यायची होती, असंच आहे ना? मला पाठ आहे ते. मग खालचं पत्र उचललं. 'मागच्या पत्रातली ती ओळ', एवढंच वाचलं आणि आई आली. एक मुस्काटात दिली आणि कुलूप लावलं. किल्ली मरेपर्यंत तिच्या कमरेला." ती थांबली. राग आला की तिची मालवणी जायची आणि शाळेतली मराठी यायची. "त्याच दुपारी तो मग टाकला विहिरीत. कळलं आता?"

"बाय, मग मला कधी विचारलं का नाहीस?"

"विचारून? 'मागच्या पत्रातली ती ओळ खरीच आहे', असं असलं पुढे, तर? भ्याले मी. आता चौऱ्याऐंशी झाली. आता भिऊन काय करू?"

"मी वाचतो. आत्ता वाचतो." सहदेव धडपडत उठला.

"तू नको. तू गाळशील. दोन वर्षं तेच करतोयस. ते यंत्र गाळत नाही. टाइप कर."

"अठरावं काढतो."

"सतरापासून. नाहीतर अठरावं मला खरं वाटायचं नाही."

चाळीस वर्षं डोळे मिटून टाइप करणारा माणूस त्या नव्या कीबोर्डवर एका बोटाने अक्षरं शोधू लागला. एक शब्द झाला की स्पेस, आणि स्पेस दाबली की यंत्र बोलायचं. त्या ओळीशी आल्यावर त्याचं बोट थांबलं.

"पुढे," वनमाला म्हणाली.

"देवाने," यंत्र म्हणालं. "पोरगा. ठेवून. पोरगी." सहदेवला वाटलं, हिने आता रडावं, शिव्या द्याव्यात, काठी हाणावी डोक्यात. ती नुसती यंत्राकडे कान लावून बसली होती. "न्यायची. होती."

"अठरा," वनमाला म्हणाली.

ते लहान होतं. तरी अर्धा तास लागला. मधे श्रुतिका दुधाची पिशवी घेऊन आली, दोघांची तोंडं बघून स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली. पत्र पुरं झाल्यावर सहदेवने ते पहिल्यापासून लावलं, आणि सपाट आवाज कुठेही न अडखळता बोलत गेला :

"मागच्या पत्रातली ती ओळ खोडून टाक. डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा लिहिली. लिहिल्यापासून अन्न गोड लागत नाही. वना आहे म्हणून तू उभी आहेस, आणि तू आहेस म्हणून मला परत यायला घर आहे. माझा पांढरा मग मी तिच्यासाठी राखून ठेवला आहे, येताना घेऊन येईन. त्यातून तिनेच चहा प्यावा, दुसऱ्या कोणाला देऊ नको. मागचं पत्र जाळ. तिच्या हाती कधी लागू देऊ नको."

"परत लाव," वनमाला म्हणाली.

त्याने परत लावलं. तिने आणखी एकदा लावायला सांगितलं, आणि त्याने लावलं.

"विहीर आसा रे अजून?"

"बुजवली. त्यावर आता चुलतभावाच्या मुलाची गाडी उभी असते."

वनमालाचा हात टेबलावर काहीतरी शोधत होता. सहदेवने आपला हात पुढे केला, तर तिने तो झटकला.

"दोन वर्षां दाबून ठेवलंस ह्या माझ्यापासून. माझा बापूस."

"सत्तावीस," सहदेव म्हणाला. "आई गेली तेव्हापासून ट्रंक माझ्याकडे आहे. तेव्हाच वाचलं होतं."

मग तिने काठी उचलून दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट धरली आणि तोंड कॉम्प्युटरच्या दिशेने केलं.

"एकोणीस घे," ती म्हणाली.