हा याचा कोण लागतो

चंदिगडच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी, ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस त्या महिन्यात असे ती जोडपी पुढं येऊन उभी राहत. सेक्रेटरी नावं वाची, आणि पाद्रीसाहेब एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत.

सेक्रेटरी म्हणजे शशिकांत साळवे. मूळचा अहमदनगरचा, हवाई दलातून निवृत्त झालेला, आता इंडस्ट्रियल एरियात स्टोअरकीपर. नोव्हेंबर हा त्याचा आणि त्याच्या बायकोचा, नलिनीचा महिना. पण नव्वद साली मार्चमध्येच नलिनी वारली. त्या नोव्हेंबरात शशिकांतनं पहिल्यांदाच स्वतःचं नाव वगळून यादी वाचली आणि कागद घडी करून खिशात घातला.

तेवढ्यात रांगेच्या टोकाला आणखी दोघं येऊन उभे राहिले. वामन आणि नरेश.

वामन गायकवाड हा नलिनीचा धाकटा भाऊ, लेथवर काम करणारा. नरेश मसीह बटाल्याकडच्या खेड्यातला. दोघं दहा वर्षं एका खोलीत राहत होते. काय ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. नलिनी होती तोवर नाताळच्या करंज्यांचा डबा दोघांना मिळून एकच जायचा, इतर जोडप्यांना जायचा तसाच.

"वामन, खाली बस," शशिकांत म्हणाला.

"दाजी, आम्हाला या महिन्यात दहा वर्षं झाली. नुसती प्रार्थना मागतोय."

"हा तुझा कोण लागतो?"

"ताई तुमची जी लागत होती, तेच."

शशिकांतचं डोकं फिरलं. त्यानं वामनची कॉलर धरली आणि त्याला ओढलं. वामनचं कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर आपटलं. रक्त भुवईवरून खाली आलं.

"नलिनीचं नाव यात घेऊ नकोस. तो तुझा कोणी लागत नाही. कोणी नाही."

"दाजी, सोडा त्याला," नरेश म्हणाला. मराठी त्याला नलिनीनंच शिकवली होती.

"मी तुझा दाजी नाही."

पाद्रीसाहेब खाली बघत राहिले. मग त्यांनी पुढच्या गीताचा नंबर सांगितला.

डिसेंबरात नरेशचा बाप वारला. अशा वेळी मंडळीचं सांत्वनाचं पत्र घेऊन कोणीतरी जायचं असतं. पाद्रीसाहेबांनी क्रूस छापलेल्या कागदावर पत्र लिहिलं, पत्र नेणारा म्हणून शशिकांतचं नाव घातलं, शिक्का मारला आणि ते त्याच्या हातात दिलं. "तुम्हीच जा," ते म्हणाले. "हात तुम्ही उचलला होता."

सतरा सेक्टरच्या बसअड्ड्यावरून बटाल्याची सकाळची बस निघाली तेव्हा धुकं एवढं होतं की पुढचा ट्रक दिसत नव्हता. वामन आणि नरेश पुढच्या बाकावर, शशिकांत त्यांच्या मागं. वामनच्या कपाळावरची खूण अजून गेली नव्हती. खरड गाव आलं. मग वामननं मागं वळून शेंगदाण्यांचा पुडा पुढं केला.

"घ्या दाजी. विष नाही घातलं."

शशिकांतनं चार दाणे घेतले.

खरडच्या पुढं एका कालव्याच्या पुलावर ट्रॅक्टर आडवा लावलेला होता. बस थांबली. चार खलिस्तानी अतिरेकी चढले, अंगावर घोंगड्या, घोंगड्यांखाली बंदुका. ड्रायव्हर म्हातारा शीख होता. तो हात जोडून प्रवाशांच्या आड उभा राहिला. "पुत्तर, सवारियां मेरी हन. पहिलां मैनूं मार." त्याच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता बसला आणि दोन दात स्टिअरिंगवर पडले.

"हिंदू नीचे."

एकेकाचं नाव विचारत ते मागं येऊ लागले. सात जणांना खाली उतरवलं. त्यातला एक जण सीटच्या दांड्याला धरून बसला, त्याची बोटं दस्त्यानं फोडून त्याला नेलं.

"नरेश मसीह."

"ईसाई? बैठा रह."

मग बंदूक शशिकांतच्या छातीला लागली. त्यानं नाव सांगितलं आणि पत्र काढलं. त्या माणसानं क्रूस बघितला, शिक्का बघितला, नाव जुळवलं आणि पत्र त्याच्या मांडीवर टाकलं. मग पुढच्या बाकावर खिडकीशी बसलेला वामन.

"वामन गायकवाड. ईसाई हूं जी."

"वामन? आज सारे ईसाई ही निकलेंगे."

नगरकडच्या ख्रिस्ती घरात पोरांना आजोबा-पणजोबांची नावं ठेवतात. वामनचा आजा वामन होता, आणि चर्चची घंटा तोच वाजवायचा. पण पंजाबातल्या पुलावर हे कोणाला सांगणार.

"ये मेरा है जी," नरेश म्हणाला. "मेरे घर का आदमी है."

तो माणूस हसला. वयानं पंचविशीचा असेल, दाढी नीट न आलेली. तो शशिकांतकडं वळला. "बापू, तू चिठ्ठीवाला है. तू झूठ नहीं बोलेगा. ये इसका क्या लगता है?"

भाऊ म्हटलं असतं तरी चाललं असतं. सोयरा म्हटलं असतं तरी. पण महिनाभर शशिकांत मनाशी एकच वाक्य घोकत होता, झोपताना, भाकरी थापताना, नलिनीच्या फोटोसमोर. भीतीत तेच वाक्य बाहेर आलं.

"कोई नहीं लगता."

कॉलर ओढून त्यांनी वामनला दारापर्यंत नेलं.

"मेरा साला है," शशिकांत उठून ओरडला. "मेरी बीवी का भाई है. ईसाई है."

"पहले कोई नहीं था, अब साला हो गया?"

नरेश मागोमाग उतरला. त्याला कोणी उतरवलं नव्हतं. त्यानं वामनच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी त्याच्या उजव्या हातावर दस्ते मारले, एक, दोन, तीन, हाड मोडल्याचा आवाज बसमध्ये आला, तेव्हा कुठं मिठी सुटली. मग आठही जणांना कालव्याच्या कडेला उभं केलं आणि गोळ्या घातल्या. वामन पाठीवर पडला. त्याच्या मुठीतले शेंगदाणे चिखलात सांडले.

ते चौघं धुक्यात गेल्यावर रस्त्यावर पडलेला नरेश उठून बसमध्ये आला. डाव्या हातानं त्यानं शशिकांतच्या तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. शशिकांतनं हात वर केला नाही. म्हातारा ड्रायव्हरच शेवटी रक्ताळलेल्या तोंडानं मध्ये पडला.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी मयत दिलं. कबरस्तानात सगळी मंडळी जमली. मयताचं जे सगळ्यात जवळचं, लग्न झालेलं असेल तर नवरा किंवा बायको, त्यानं पहिली मूठमाती द्यायची. नलिनीला शशिकांतनंच दिली होती, तीन ओळी पलीकडं.

"जवळचं कोण आहे?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

सगळे शशिकांतकडं बघू लागले. त्याचा ओठ सुजलेला होता. त्यानं माती उचलली, क्षणभर धरली आणि ढिगावर परत टाकली. मग तो भिंतीकडं चालत गेला. तिथं नरेश एकटा उभा होता, हात प्लास्टरमध्ये.

"चल," शशिकांत म्हणाला.

नरेशनं त्याच्याकडं बघितलं नाही, पण चालू लागला. कबरीजवळ कमिटीतला कृष्णकांत आडवा आला.

"साळवे, हा नवरा-बायकोचा मान आहे. तमाशा करू नका."

"बाजूला हो."

"तुम्हीच त्याला हाकललं होतं ना, आता काय झालं?" असं म्हणत कृष्णकांतनं नरेशला ढकललं, नेमकं मोडक्या हातावर. नरेश कळवळून गुडघ्यावर आला. शशिकांतनं कृष्णकांतच्या छातीत दोन्ही हात मारले. तो मातीच्या ढिगावर उताणा पडला, त्याची टोपी कबरीत गेली. बाया मागं सरकल्या. दोघांनी शशिकांतचे दंड धरले.

"थांबा," पाद्रीसाहेब म्हणाले. या वेळी ते खाली बघत नव्हते. "शशिकांत, सगळ्यांसमोर सांगा. हा याचा कोण लागतो?"

शशिकांतनं तीन ओळी पलीकडं बघितलं.

"मी नलिनीचा जो लागतो, तेच."

पाद्रीसाहेबांनी मान हलवली आणि नरेशच्या डोक्यावर हात ठेवला. नोव्हेंबरात ठेवायचा राहिलेला.

नरेशनं डाव्या हातानं माती घेतली. ती त्याच्या बोटांतून गळू लागली. शशिकांतनं खालून आपली ओंजळ धरली, त्या मुठीला आधार दिला आणि दोघांचे हात कबरीवर नेले. माती पेटीवर पडली.

मग नरेशनं आपला हात सोडवून घेतला.