लाल फ्रॉक आणि एक चौकोन

"बाबा, ह्यात मी एकटीच लांब का उभी आहे?"

धाकटीने पडद्यावर बोट ठेवून विचारलं. माळ्यावरचा जुना घरगुती कॉम्प्युटर तिनेच पुसून टीव्हीला जोडला होता. चित्र साठवलेली कॅसेट पाच मिनिटं करकरली आणि पडद्यावर चित्र उमटलं. काळ्या पडद्यावर निळ्या कपड्यांतली आई, तिला बिलगलेली निळ्याच फ्रॉकमधली ताई आणि बोटभर अंतरावर लाल फ्रॉकमधली धाकटी.

बाबांचा चेहरा खुलला. गेम बनवणाऱ्या कंपनीत ते ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं काढत, म्हणून सगळे त्यांना ठिपकेवाले म्हणत. त्या कामाचं कुणी विचारलं की स्वारी सुसाट सुटायची.

"अगं, मेमरी एवढीशी! प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग द्यायचा तर मशीनने हातच टेकले असते. म्हणून पडद्याचे चौकोन पाडायचे, आठ ठिपके रुंद, आठ उंच. एका चौकोनात रंग दोनच. काळा आणि निळा आले की संपलं. तुला आईला चिकटवलं असतं तर तुझा लाल तिच्या बाहीवर पसरला असता. म्हणून मधे एक चौकोन मोकळा सोडला. लोक म्हणायचे, केवढे रंग! सगळी हातचलाखी."

धाकटी हसली नाही. बाबांनी हे चित्र काढलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी आई गेली. तिघींचा एकत्र फोटो काढायचा राहूनच गेला होता.

"तेव्हाही विचारलं होतं मी. तुम्ही म्हणालात, मधे बोलू नकोस, काम चाललंय. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं असणार."

"वेडी आहेस का तू!"

"मग माझा फ्रॉक निळा का नाही केलात, ताईसारखा?"

रंगाचे चार आकडे बदलून थोडं सरकवलं असतं, तर ती आईच्या कुशीत मावली असती. पण चित्रात बाबांना लाल हवाच होता, आणि कंपनीत वाहवा झाली ती त्या लालचीच. लेकीपेक्षा आपल्याला रंग प्यारा झाला, हे त्यांना आज कळत होतं. आता कळून काय उपयोग!

"आत्ता करतो," म्हणत त्यांनी कीबोर्ड ओढला. फ्रॉक निळा झाला. मग एकेक ठिपका सरकवत त्यांनी तिला आईजवळ आणलं. दुपार त्यातच गेली.

धाकटी चहा घेऊन आली. पडद्यावर तिचा हात आईच्या बाहीला लागला होता. ती बघतच राहिली.

"टेपचं रेकॉर्डचं बटण तुटलंय गं," बाबा अपराध्यासारखे म्हणाले. "कॅसेटवर उतरवता येणार नाही. मशीन बंद केलं की हे जाईल."

"मग असू द्या चालू," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.