गार पाण्याचा डोह

"डोहाच्या पोटात गं मासोळी बाळंतीन,
जाळं नोको टाकू दादा, ती माहेरवाशीन..."

सासूचा, भागीरथाबाईचा, हा आवाज मनकर्णाच्या कानात अजून ताजा होता. सासू गेली, त्याला काळ लोटला. पण उन्हाळ्यात तलाव आटू लागला की ढिवरवाड्यातलं, मासे धरणाऱ्यांच्या त्या वस्तीतलं, कुणी त्या खोल डोहात जाळं टाकत नसे. घरात चूल पेटली नाही तरी नाही. तिथलं पाणी वैशाखातही गार. मासोळ्या तिथंच जीव धरून राहत आणि पाऊस लागला की तलावभर पसरत.

काठाला वीजघर झालं. तलावाचं पाणी ओढणारा त्याचा पाइपही काठालाच होता. मग नवा साहेब आला. कोळसा फार जळतो, याचा त्याला घोर. मनकर्णाचा नवरा मुखरू तिथं रोजंदारीवर कोळसा ओढायचा. जेवता जेवता एकदा म्हणाला,

"साहेब म्हन्ते, वाफ थंड कराले पानी जेवढं गार, तेवढा कोळसा कमी. काठचं तर तापून राह्यलं."

"मंग?"

"मंग काई नाई."

दुसऱ्या दिवशी तो आला तो पोटऱ्यांना काळा, चिकट गाळ घेऊन. तसा गाळ अख्ख्या तलावात एकाच जागी, डोहापाशी. मनकर्णानं त्याच्या पायावर पाणी ओतलं. विचारलं काहीच नाही. थोड्याच दिवसांत मुखरू नोकरीत कायम झाला.

पाइप डोहात गेला. कोळसा खरंच वाचला, साहेबानं पेढे वाटले. वापरलेलं ऊन पाणी मात्र त्याच तलावात परत येत राहिलं. वैशाखात डोहही कोमटला, आणि एका सकाळी अंडी पोटात घेऊन मासोळ्या उताण्या तरंगल्या.

मोहाच्या झाडाखाली पंच बसले. म्हातारे भैयाजी कडाडले, "साहेबाले डोह सपनात दिसला काय? कोनंतरी दाखवला. इतवारी, त्याच्या बंगल्यावर तूच जात होता ना?"

"मासोळ्या विकाले गेलो भाऊ, डोह विकाले नाई!"

"आज मासोळी विकली, उद्या माय विकशीन!" मागून कुणी बोललं. हशा उठला.

"याचं जाळं कापा," भैयाजी म्हणाले. "याच्या घरचं पानी कोनी प्याचं नाई. काऊन मुखरू, बोल ना तू. तू तं तिथीच कामाले आहेस."

मुखरू नखानं मोहाची साल सोलत होता. "पंच म्हन्तेत तेच बरोबर," तो पुटपुटला.

इतवारीच्या बायकोनं पोराला छातीशी धरलं. कोयता जाळ्याला लागला.

पंचांपुढं बाया बोलत नसत. मनकर्णा उठली, पदर सावरला, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली,

"जाळं ठेवा खाली, भैयाजीभाऊ. डोह माह्या घरच्यानं दाखवला. मले पयल्या दिसापासून ठाऊक होतं."