बांध आणि मामांचं स्वयंपाकघर

बांध ढासळला तर माती कुठवर जाईल, हे मी संगणकावर काढते. पोटापाण्याचा धंदाच तो. पूर्वी यासाठी मातीवर चौकटींचं जाळं आखत. पण माती वाहायला लागली की चौकटी पिळवटतात आणि सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून आम्ही मातीचे कण करतो. प्रत्येक कणाला वजन द्यायचं, वेग द्यायचा, शेजारचा त्याला किती ढकलतो ते सांगायचं. मग लाखो कण आपापले घरंगळतात आणि कुठेतरी थांबतात.

या वेळी ते सेतुराममामांच्या स्वयंपाकघरात थांबले.

मामांचं घर कुंभकोणजवळ साक्कोट्टैला, कालव्याच्या बांधाखालीच. महापूर आला तर तिथली कुठली घरं कायमची रिकामी करावीत, हे आमच्या कंपनीला सांगायचं होतं. तिथे माझे सख्खे मामा राहतात हे मी साहेबांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, तू कर, चेन्नईचा श्रीहर्ष तपासेल. पण त्याच्याकडे पाठवण्याआधी मामांना तोंडाने सांगायला हवं होतं. म्हणून कुंभकोणहून स्कूटरवर निघाले.

मामांच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून मी हिशेबाच्या चित्रफितीचा थेट शेवट लावला. चिखल मागची भिंत फोडून आत शिरतो तेवढाच भाग. कामाक्षीमामी पाहून आत गेल्या.

"अगे कीर्तना, मधून कां दाखवत्येस?" मामा त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाले. "आरंभापासोन लाव."

"मामा, आरंभी काही नाही. बांध नुसता उभा असतो."

"असूं दे. तोडयमंगळ न म्हणतां कोणी भजन करतो काय?"

मामांचा हा हट्ट सगळ्या गोताला ठाऊक आहे. भजनातली आरंभीची मंगलाची पदं चुकली तर ते पुढच्या भजनाला बसत नाहीत. क्रिकेटसुद्धा त्यांना नाणेफेकीपासून लागतं. माझं डोकंच फिरलं. घर जातंय, आणि यांना मंगल हवं! पण वाद घालायचं त्राण नव्हतं. लावलं पहिल्यापासून.

बांध उभा राहिला आणि लगेच दचकल्यासारखा खाली बसला. पोट फुगलं, माथ्याजवळ कण फाकले. पाणी अजून चढलंच नव्हतं.

मी परत लावलं. परत तेच.

कर्म माझं! खरा बांध कित्येक वर्षं स्वतःचं वजन पेलत निवांत बसलाय. मी मात्र तो कणाकणांनी रचला आणि सगळं वजन एका झटक्यात दिलं, म्हणजे उचलून आपटलाच. तो आधीच मोडला होता. पाण्याने फक्त वाहून नेला. वजन हळूहळू चढवायचं, माती स्थिरावू द्यायची, मग पाणी सोडायचं, हे आमच्यातलं पोरही जाणतं. पण मामांच्या भिंतीवर डोळे लावून बसलेल्या मी सुरुवात एकदाही पाहिली नव्हती.

तिथेच बसून दुरुस्ती केली आणि हिशेब पुन्हा चालू केला. संध्याकाळी चिखल बांधाच्या पायथ्याशी थांबलेला दिसला. आनंद व्हायला हवा होता, पण मला माझाच भरवसा वाटेना. मी श्रीहर्षला फोन केला. "सगळं पाठवते. हे घर वाचावं असं मला वाटतंय, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला, तेव्हा मी पुन्हा मामांच्या ओसरीवरच होते.

"माती कमजोर धरली, पाणी वाढवून पाहिलं," तो म्हणाला. "तरी परसापर्यंत येत नाही. पायथ्याला दगड रचा म्हणून लिही. घरं राहू देत."

मामींना सांगताना मला हसू आणि रडू एकदमच आलं. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू! मामींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मामांकडे पाहत हळूच म्हणाल्या, "काल रात्रीं मी म्हणालें, घर सोडावें लागलें तर मधुमिताकडे राहों. लेकच ना आपली? तर म्हणतात, तूं जा, मी येत नाहीं."

मामा हसले. "कोठें जाऊं गे? हें माझें घर."

म्हणजे तो चिखल खरा असता, तरी मामा त्या घरातच असते. मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि पायथ्याला दगड रचायचं आधी लिहून टाकलं.