स्वर्गारोहणाचं दूध

आमच्या गावात येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी मेंढ्यांचं दूध विकत नाहीत, त्याचं चीजही करत नाहीत. जो भांडं घेऊन येईल त्याला फुकट देतात. यंदा ते विकायचं, असं मीच ठरवलं होतं.

दीडशे लिटर, डेअरीच्या चालू भावानं साठ सेंट लिटर. नव्वद युरो. सासारी शहरातल्या कॉलेजात मी शेतीचं अर्थशास्त्र शिकले, त्याचा उपयोग एवढाच की लिटरमागे आपला खर्च ऐंशी सेंट आहे हे मला कळतं आणि नवऱ्याला, बाकीझिओला, शांत झोप लागते. नऊ महिन्यांची अन्निका झोपली की मी तिचा श्वास मोजते, जागी झाली की चाऱ्याचा भाव.

सासूबाई म्हणाल्या, "विक. दारात येतील त्यांना सांगते, सूनबाईंना विचारा."

त्या गुरुवारी सकाळी सात वाजता डेअरीचा टँकर आला. ड्रायव्हर लारेंतूनं पाइप आमच्या टाकीला जोडला. आज त्याच्यासोबत खरेदीसाहेबही होते, हातात नवा करार.

"सही करा. नवा भाव जूनअखेर ठरेल."

"आणि दूध?"

"दूध आजपासूनच. एक दिवस चुकला तर करार रद्द."

"साहेब, तुम्ही बूट घेता ते असेच? आधी घालून फिरता, पैसे जूनमध्ये?"

बाकीझिओ खोकला. घाबरला की तो खोकतो.

साहेब माझ्या कडेवरच्या अन्निकाकडे बघून म्हणाले, "लेकराचा तरी विचार करा, बाई."

आत्तापर्यंत माझा हात सहीकडेच चालला होता, खोटं कशाला सांगू. तो थांबला.

"तिचाच करतेय. लारेंतू, पाइप काढ."

"काढू?" त्यानं बाकीझिओकडे पाहिलं.

बाकीझिओ खोकला नाही. म्हणाला, "ती काय म्हणाली ते ऐकलंस ना?"

"उद्या आमचा टँकर या वाटेला फिरकायचा नाही," साहेब म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. करार टाकीवरच राहिला. लारेंतूनं पाइप गुंडाळला, मग हळूच स्वतःचा थर्मास पुढे केला. "आईसाठी. तिला आजचंच लागतं."

नऊपर्यंत अंगणात रांग लागली. पातेली, बरण्या, एकानं तर फुलदाणी आणली. सासूबाई डावानं वाढत होत्या आणि मी प्रत्येक लिटरमागे मनात ऐंशी सेंट वजा करत होते. सवय जात नाही.

टाकी रिकामी झाल्यावर सासूबाईंनी कोंबड्यांच्या खुराड्यामागून तांब्याचा मोठा हंडा ओढत आणला आणि राख-लिंबू घेऊन घासायला बसल्या.

"आई, चीज करून विकायला परवाना लागतो. तपासणी असते."

"ते तुझ्या कॉलेजचं काम. रेनेट घालून दुधाचं चीज कसं करायचं ते माझं."

करार उलटा करून मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. सहा लिटरला एक किलो चीज. ते पिकायला चार महिने, तोवर हातात काही नाही. उरलेल्या निवळीचं ताजं मऊ चीज, रिकोटा, मात्र दुसऱ्या दिवशीच विकता येतं. सगळ्यात खाली चीजचा किलोचा भाव लिहिला.

बाकीझिओनं वाकून पाहिलं. "जास्त लावलास."

"मग खोड."

त्यानं पेन घेतलं आणि अन्निकाला चोखायला दिलं.