तन्वीची लाल लिपस्टिक

मी एक जुनी लिपस्टिक आहे, मित्रांनो, आणि आता पुरती संपलेली. माझ्या नळीत बोट घातलंत तर हाताला काही लागणार नाही. पण एके काळी माझा लाल रंग असा होता, की कुडाळच्या बाजारात जास्वंदीने मान खाली घातली असती. फुशारकी वाटली तर वाटू दे, मेल्या लिपस्टिकला तेवढी मुभा असावी.

कारखान्यातल्या साच्यातून मी बाहेर पडले आणि एका डबीत बसले. सोबत माझ्याच रंगाची लिपग्लॉस होती, माझी धाकटी बहीणच म्हणा. कुडाळच्या बांगड्यांच्या दुकानात तन्वीने आम्हाला पाहिलं. आधी मनगटावर रेघ ओढून बघितली, मग दुकानदाराची नजर चुकवून ओठांवर. आरशात बघून स्वतःलाच "हूं!" म्हणाली आणि आम्हाला वालावलला घेऊन आली. बहिणीचं सील मात्र फोडलं नाही. तिला दिराच्या लग्नात उघडायचं ठरलं होतं.

तन्वीचा वरचा ओठ डाव्या कोपऱ्यात जरासा वर उचललेला होता. रोज तिथे घासून माझं टोकही तसंच तिरकं झालं. तिची मुलगी गौरजा तेव्हा बालवाडीत होती. आईच्या मांडीवर बसून ती माझं झाकण उघडायची, मिटायची. मग एका पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत तन्वीला ताप भरला, आणि ती गेली. दिराचं लग्न तिच्याशिवाय झालं. मी कपाटाच्या खणात अंधारात पडून राहिले, पण माझ्या टोकाला तिचा ओठ तसाच होता.

दोन वर्षांनी तन्वीच्या नवऱ्याने, श्रीपादने, दुसरं लग्न केलं. नवीचं नाव संचिता. माईंनी, म्हणजे श्रीपादच्या आईने, लग्नाआधीच सोनाराकडून चांदीचा टाक करून आणला. आमच्याकडे दुसरेपणावर आलेली बाई पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालते. नवं लुगडं, नव्या बांगड्या आधी टाकाला दाखवायच्या, मग आपण वापरायच्या. म्हणजे गेलेली रुसत नाही. संचिता हे सगळं निमूट करायची. तिला एकच गोष्ट हवी होती, गौरजाने एकदा तरी 'आये' म्हणावं. गौरजा तिला काकी म्हणायची, तेही काम असेल तरच.

एका तिनसांजेला माई देवळात आरतीला गेल्या होत्या. संचिताला खणात मी सापडले. पहिलीची जुनी वस्तू वापरायची तर काय करायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने घाबरत मला आधी टाकाला टेकवलं. चांदीवर लाल ठिपका उठला. मग तिने मला ओठांवर फिरवलं, आणि शपथेवर सांगते, माझ्या तिरक्या टोकाने तिथे तन्वीचाच ओठ काढला.

दारात गौरजा उभी होती. दिवा अजून लावलेला नव्हता.

"आये? इलंस?"

संचिताने मला खाली ठेवलं. खरं सांगायला तिने तोंड उघडलंही होतं. पण तो शब्द ऐकायला ती बाई किती दिवस आसुसली होती!

"इलंय गो," ती हळूच म्हणाली.

पोर धावत येऊन तिला बिलगली. दुसऱ्या दिवशी तिनसांजेला ती पुन्हा आली. "काकी, ती लाव ना. आयेक बोलव." मग हे रोजचंच झालं. माई देवळात, श्रीपाद अजून कुडाळहून आलेला नसायचा, आणि आरशासमोर आम्ही तिघी. मी झिजत चालले होते. एकदा संचिताने मला फिरवलं, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "हूं!" अगदी तसंच. तन्वीला तिने जन्मात पाहिलं नव्हतं, त्या 'हूं'चं तिला कोणी सांगितलंही नव्हतं. स्वतःचाच आवाज ऐकून ती पांढरीफटक पडली. तिने मला खणात फेकलं, पण गौरजाने हट्ट धरला आणि तिने मला पुन्हा उचललं.

भाद्रपदातली अविधवा नवमी आली. त्या दिवशी अहेवपणी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्णीला जेवू घालतात आणि एक पान कावळ्यासाठी बाहेर ठेवतात. शेजारच्या मथुरावहिनी पाटावर बसल्या होत्या. माई पान घेऊन अंगणाकडे निघाल्या, तोच गौरजाने त्यांचं लुगडं धरलं.

"आये मेली नाय! ती रोज तिनसांजेक येता. तिचा पान भायेर कावळ्याक कित्या ठेवतंस?"

"कोण येता गो?"

गौरजाने संचिताकडे बोट दाखवलं. माईंचं लक्ष टाकावरच्या लाल ठिपक्यावर गेलं, आणि त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"काय केलंस ह्यां, संचिता?"

"चुकलंय, माई. आता माकाच सांगूक होया."

भर दुपारच्या उजेडात तिने गौरजाला आरशासमोर बसवलं. मला उघडून माझी रेघ स्वतःच्या ओठांवर ओढली. "हंय बघ. ही मी. रोज मीच लावलंय." मग पदराने सगळं पुसून टाकलं. "तुझी आये आता येवची नाय गो."

"फटयलंस माका!" गौरजा तिला मारत सुटली. संचिताने हात धरले नाहीत. पोर थकून रडत बसली, तेव्हा तिने माझ्या तळातलं उरलंसुरलं हेअरपिनने काढलं आणि गौरजाच्या ओठांवर लावलं. माझ्या लिपग्लॉस बहिणीचं सील फोडून वरून थोडी चकाकी दिली. गौरजाने आरशात पाहिलं. वरचा ओठ, डावा कोपरा, जरासा उचललेला.

"ह्यां तर आयेचा तोंड," ती पुटपुटली.

"तुझाच आसा ता. माझा नव्हता कधी."

गौरजाने त्या कोपऱ्याला बोट लावून पाहिलं. मग मनगटाने नाक पुसून उठली.

"काकी, पान उचल. आयेक भूक लागली आसतली."

दोघींनी मिळून पान अंगणात ठेवलं. संचिताने डोळे पुसले. आजवर 'काकी' अशी हाक यायची ती आयेला बोलवायला, आज पोरीने ती संचितालाच मारली होती.

मित्रांनो, मी आता रिकामी होऊन खणात पडले आहे. आपलं माणूस गेलं, तर त्याच्या वस्तू जपा, पुसा, हाताळा. पण त्या माणसाला परत आणायचं काम आमच्या गळ्यात घालू नका, आम्हाला ते जमत नाही. गौरजा कधी कधी तिनसांजेला माझं झाकण उघडून वास घेते. मग आरशात बघून म्हणते, "हूं!"

तेही तिला कोणी शिकवलेलं नाही.