उतरत्या खांद्याचा कोट

नानांना सगळेच नाना म्हणत, हॉटेलातला दरवानही आणि घरमालकीणही. एकोणीस वर्षं ते एकाच हॉटेलच्या स्वागत काउंटरवर उभे होते. कोणत्या पाहुण्याला रस्त्याकडची खोली नको असते, कुणाला दोन उशा लागतात, कोण लिफ्टला घाबरून जिन्यानं जातो, सगळं त्यांना तोंडपाठ. मग मानेत गाठ निघाली. ती काढताना खांद्याकडे जाणारी एक नसही कापावी लागली. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं आणि नानांनी मान डोलावली होती, कारण तेव्हा जिवाचीच पंचाईत होती. जीव वाचला. उजवा खांदा मात्र चांगला तीन बोटं खाली आला. हात कोपरापासून हलत होता, पेन धरत होता, कप उचलत होता; खांद्याच्या वर म्हणून जात नव्हता.

सहा महिन्यांची रजा संपत आली तेव्हा एका शनिवारी हॉटेलातून फोन आला. नवे मॅनेजर आले होते. येता सोमवार सोडून त्यापुढच्या सोमवारी दहा वाजता या, भेटू, मग ठरवू, म्हणाले.

"ठरवू म्हणजे काय?" बायकोनं विचारलं.

"म्हणजे मला बघणार."

"मग बघू दे की. खांदा पडलाय, सरळ सांगून टाका. चोरी केलीय का तुम्ही?"

 हॉटेलच्या फोनवर बसणाऱ्या बाईंनी नानांना महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, की नव्या मॅनेजरांनी दरवानाला आत गोदामात पाठवलं. का, तर तो पाय किंचित ओढून चालतो. दरवान पाय ओढायचा हे नानांच्या एकोणीस वर्षांत कधी लक्षातही आलं नव्हतं.

जुना कोट घालून ते आरशापुढे उभे राहिले. डावीकडून बघितलं तर पूर्वीचेच नाना. समोरून बघितलं तर कोट खुंटीवरून घसरत आल्यासारखा. उजवी बाही बोटांवर आलेली, कॉलर मानेपासून सुटलेली, बटण लावलं की पोटावर तिरपी सुरकुती. रविवारी ते तयार कपड्यांच्या दुकानात गेले आणि सात कोट घालून बघितले. सातही तसेच. विकणाऱ्या मुलीनं शेवटी नजर खाली वळवली आणि हँगर मोजल्यासारखं करत बसली.

सोमवारी ते शिंप्याकडे गेले. शिंप्यानं माप घेतलं, पुन्हा घेतलं, टेप गळ्यात टाकून विचारात पडला.

"होईल. नाही कशाला होणार? पण दोन-तीनदा अंगावर घालून बघावा लागेल. महिना धरून चाला."

"मला येत्या सोमवारपर्यंत हवाय."

"मग साहेब, खोटं कशाला बोलू? नाही जमायचं."

दुसऱ्या शिंप्यानंही तेच सांगितलं, फक्त जरा तुसडेपणानं. परत येताना नाना कापडाच्या दुकानात शिरले आणि गडद राखाडी कापड घेऊन बाहेर पडले. सूट होईल एवढं. अस्तर, कॅनव्हास, बटणं, सगळं. घरी येऊन त्यांनी ते पलंगावर ठेवलं आणि बायकोला म्हणाले, "मीच शिवतो."

बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करायची. दिवसभर लोकांचं ऐकून तिचे कान किटलेले असत. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तुम्ही? तुम्हाला साधं बटण लावता येत नाही!"

"शिकेन."

"सहा दिवसांत?"

"मग काय करू?" नाना एकदम ओरडले. "सांग ना, काय करू? त्या काउंटरमागं उभं राहण्याशिवाय मला दुसरं काय येतं?"

 घरात बायकोचं पायमशीन होतं, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचं. तिनं त्यावरची कुंडी उचलली, तेलाची कुपी शोधून काढली आणि मशीनला तेल घालत म्हणाली, "आत्यांना बोलवा."

आत्या म्हणजे नानांची सख्खी आत्या, शेजारच्याच गल्लीत राहणारी. गणवेशांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं घालवलेली बाई. मंगळवारी सकाळी ती आली, चष्मा पुसला, कापड चिमटीत धरून चुरगाळून बघितलं आणि म्हणाली, "कापड चांगलं आहे रे. पण ठोंब्या, मला कोट येत नाही."

"म्हणजे? सव्वीस वर्षं काय करत होतीस?"

"बाह्या लावत होते. कोट माझ्यापुढं यायचा तो बिनबाहीचा, जायचा तो बाहीचा. त्याच्या आधी काय आणि नंतर काय, देव जाणे."

नानांना हसावं की रडावं कळेना. पण आत्या रिकाम्या हातानं परत जाणारी नव्हती. तिनंच तोड काढली. जुना कोट उसवायचा. प्रत्येक तुकडा सुटा करायचा, इस्त्री मारून सपाट करायचा आणि तोच नमुना धरायचा. कुठला तुकडा कुठं जोडलेला होता हे नानांनी वहीत लिहायचं.

उसवण्यातच तो दिवस गेला. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला शिवलेला कोट होता तो. आतून तो असा असेल याची नानांना कल्पनाच नव्हती. छातीशी कॅनव्हास, त्यावर शेकडो तिरपे टाके, खांद्यात कापसाची गादी. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आत्या एकेक दोरा ओढत होती आणि पुटपुटत होती, "बघ, कुणीतरी जीव ओतलाय यात." संध्याकाळी जमिनीवर कोटाचे अठरा तुकडे पडले होते आणि परत जायला आता जुना कोटही उरला नव्हता.

बुधवारी बायकोनं रजा टाकली आणि मापं घेतली. नाना बनियनवर उभे. ऑपरेशननंतर त्यांनी तिच्यासमोरही कधी असं उघड्या उजेडात उभं राहायचं टाळलं होतं. तिनं मानेमागून लाकडी पट्टी आडवी धरली, डावीकडे खांदा पट्टीला टेकला, उजवीकडे पट्टीखाली तिची तीन बोटं सहज गेली. ती बोटं तिनं जरा वेळ तशीच ठेवली.

"दुखतं का?"

"नाही. बधिर आहे."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस," नाना म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं की हे बोलायला नको होतं.

टेबलावर हात उंच करावा लागे, म्हणून गुरुवारी त्यांनी कापड जमिनीवर अंथरलं. दोन बाजू सारख्या नव्हत्या, त्यामुळे कापड दुमडून एकदम बेतता येणार नव्हतं. एकेक पुढा, म्हणजे छातीवरचा अर्धा भाग, वेगळा कापायचा होता. आत्या जेवायला घरी गेली होती, बायको कामावर. थांबायला वेळ नव्हता. नानांनी जुन्या कोटाचा डावा पुढा ठेवला, खडूनं आखला, कापला. मग तोच पुन्हा ठेवला, खांद्याशी आणि बाहीच्या मुंढ्याशी उजव्या बाजूची मापं घेऊन आखला आणि कापला. कात्री छान चालली होती. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या हातांचं कौतुक वाटलं.

मग त्यांनी दोन्ही पुढे शेजारी शेजारी मांडले.

दोन्ही डावे होते. दुसऱ्या वेळी नमुना उलटा करायला ते विसरले होते. उलटा फिरवून लावावा, तर कापडाची उलटी बाजू वर येत होती, फिक्कट आणि दोऱ्यादोऱ्यांची.

आत्या आली तेव्हा नाना भिंतीला टेकून बसले होते आणि डाव्या मुठीनं आपल्याच उजव्या खांद्यावर मारत होते. जोरात नाही, पण थांबतही नव्हते.

"अरे! अरे, काय करतोस?"

"याला काही कळत नाही, आत्या. मेलेला आहे हा. याच्यापायी मी सगळीकडून गेलो."

आत्यानं त्यांची मूठ धरली. ती सत्तरीची बाई, पण सव्वीस वर्षं जाड कापड ओढलेले हात होते ते, मूठ सुटेना. मग तिनं जमिनीवर बघितलं आणि तिला सगळं कळलं. 

"पँट कापलीस का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग पँटच्या कापडातून काढ पुढा."

"आणि पँट?"

"जुनी घाल. काळी आहे ना एक? काउंटरच्या मागं तुझे पाय कोण बघायला येतंय?"

नानांना हसू फुटलं, आणि हसता हसता ते असे रडायला लागले की आत्यानं उठून दार लावून घेतलं.

शुक्रवार, शनिवार, रविवार. बायको कामावरून आली की पदर खोचून बसायची आणि कच्चे टाके घालायची. नानांच्या बोटांना सुया टोचून टोचून छिद्रं पडली. अस्तराला रक्ताचे ठिपके लागले, ते आत्यानं थंड पाण्यानं काढले. उजव्या खांद्याची गादी जुन्या कांबळ्याच्या पट्ट्या एकीवर एक ठेवून केली. चार थर लावले तर खांदा फुगलेला दिसे, दोन लावले तर पडलेला. तीन लावून पुन्हा पुन्हा उसवले. बाह्या लावताना मात्र आत्या कुणालाही जवळ येऊ देईना. तिची बोटं कापड असं चुण्या न पाडता मुंढ्यात भरत होती की नाना बघतच राहिले.

रविवारी चार वाजता नानांनी कोट घातला. बायकोनं पट्टी आडवी धरली. पट्टी सरळ होती.

 कॉलर एका बाजूनं किंचित वर आली होती आणि एक काज जरा वेडंवाकडं होतं, पण आरशात एकोणीस वर्षं काउंटरवर उभा असलेला माणूस दिसत होता. नानांना मात्र धास्ती वाटली.  आता हे फसलं तर पुढं करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

सोमवारी दहाला पाच कमी असताना ते हॉटेलात शिरले. मॅनेजर स्वतः काउंटरपाशी आले. तिशीतला, नीटनेटका, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्यांनी नानांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नाना ना? बरे दिसताय हो! मला वाटलं होतं, आजारातून उठलेला माणूस येईल."

"ठीक आहे आता सगळं," नाना म्हणाले.

"छान, छान. बरं, आजपासून आपण कोट बंद केलेत. उन्हाळा बघताय ना? शर्ट आणि वेस्टकोट. तुमचा आणून ठेवलाय, घालून बघा."

काउंटरवरच्या मुलीनं घडी घातलेला वेस्टकोट पुढं सरकवला. नाना हललेच नाहीत.

"इथं?"

"का, त्यात काय? नुसता कोट तर काढायचा."

नानांनी बटणं सोडली. डावी बाही काढली, मग डाव्या हातानं उजवी ओढली. वेस्टकोट घातला तो उजवीकडून घसरून दंडावर आला. त्यांनी तो वर ओढला, तो पुन्हा घसरला. मॅनेजरांचं हसू हळूहळू गेलं. मुलगी रजिस्टरात बघायला लागली.

"हे कधीपासून?"

"ऑपरेशनपासून."

"हात वर जातो?"

"नाही. पण किल्ल्या मी डाव्या हातानं काढेन. सगळं डाव्या हातानं होतं. साहेब, मला पाहुण्यांची नावं पाठ आहेत, मला तीन भाषांत..." ते मध्येच थांबले. "दुपारपर्यंत उभं राहू द्या. दुपारपर्यंत बघा आणि मग सांगा."

मॅनेजरांना नाही म्हणता आलं नाही.

नाना उभे राहिले. पहिले पाहुणे आले, नवरा-बायको. बाईंनी नानांकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्याकडे, आणि दोघं मुलीच्या बाजूला सरकले. दुसरा पाहुणाही तिकडेच गेला. तिसऱ्यानं नानांनी फॉर्म पुढं करताच घाईनं म्हटलं, "राहू द्या, राहू द्या, तुम्ही त्रास घेऊ नका," आणि पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. अकराच्या सुमारास एक जुने पाहुणे आले, दरवर्षी दोनदा येणारे. त्यांनी नानांना ओळखलं, आनंदानं हात पुढं केला आणि मग खांदा दिसल्यावर हाताचं काय करावं ते न सुचून तो खिशात घातला. पाहुणा चांगला माणूस होता. म्हणूनच नानांना ते सहन झालं नाही.

साडेबाराला मॅनेजर आले तेव्हा नानांनी वेस्टकोट काढून, घडी घालून काउंटरवर ठेवला होता.

"मला वाईट वाटतं," मॅनेजर म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "काउंटर नाही जमायचं, नाना. पण फोनवर माणूस हवाय. बाईंना आता अर्धाच वेळ यायचंय. उरलेला अर्धा तुम्ही बघाल का?"

फोनची खोली जिन्याखाली होती. तिला खिडकी नव्हती.

"विचार करून सांगतो," असं म्हणून नाना कोट हातावर टाकून बाहेर पडले. फाटकापर्यंत गेले. तिथं बराच वेळ उभे राहिले. दरवानाच्या जागी आता एक उंच तरणा माणूस होता. त्यानं त्यांना पाहुणा समजून टॅक्सी हवी का, विचारलं. नाना वळले, परत आत गेले आणि म्हणाले, "येतो. उद्यापासून येतो."

घरी आत्या आणि बायको वाट बघत बसल्या होत्या. बायकोनं त्या दिवशीही रजा घेतली होती. नानांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पेन काढून घेतलेलंसुद्धा.

"म्हणजे काम मिळालं," आत्या म्हणाली.

"अर्धं."

"अरे, मग अर्धं तर अर्धं!"

"आत्या, तिथं मला कुणी बघणार नाही," नाना म्हणाले. "म्हणून दिलंय ते."

 बायकोनं त्यांच्या हातावरचा कोट घेतला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि त्यांच्या शेजारी, उजव्या बाजूला येऊन बसली. तिनं त्या खांद्यावर डोकं टेकवलं. नानांना काहीच जाणवलं नाही; ती टेकली आहे हे त्यांना मान वळवून बघितल्यावर कळलं.